भावना दुखावणे हा गुन्हा नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धर्माच्या अपमानाला मर्यादा हवी की नको, यावरचा वाद बहुधा चुकीच्या ठिकाणी सुरू होतो. एक बाजू म्हणते, मर्यादा घाला. दुसरी म्हणते, घालू नका. मर्यादा 1927 पासून कायद्यात आहे आणि लिहिली आहे तेवढीच वाचली तर ती बरीच अरुंद आहे. घोळ होतो तो ती वापरताना.

आजच्या भारतीय न्याय संहितेचे कलम 299 म्हणजे जुने भारतीय दंड विधानाचे 295-अ. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. या कलमात ‘भावना दुखावल्या’ एवढ्याने गुन्हा पुरा होत नाही. एखाद्या वर्गाच्या धर्माचा किंवा धर्मश्रद्धेचा अपमान तर हवाच, शिवाय तो त्यांच्या धर्मभावनांवर घाला घालण्याच्या हेतूने, बुद्धिपुरस्सर ‘आणि’ दुष्टपणे केलेला हवा. यातला ‘आणि’ महत्त्वाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी 1957 मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात हे कलम वैध ठरवले, ते याच आधारावर: नकळत, बेफिकिरीने किंवा दुष्ट हेतूवाचून झालेला अपमान यात बसत नाही. अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर घालता येणाऱ्या निर्बंधांच्या संविधानाच्या 19(2) मधल्या यादीत ‘धार्मिक भावना’ हा शब्दच नाही. कलम तरले ते ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ या शब्दांवर.

हे कलम आले कसे, तेही पाहावे. लाहोरात 1924 मध्ये प्रेषित महंमदांवर टीका करणारी एक पुस्तिका निघाली. दोन समाजांत वैर वाढवण्याविरुद्धच्या 153-अ मध्ये दिवंगत धर्मसंस्थापकावरची टीका बसत नाही, म्हणून 1927 मध्ये उच्च न्यायालयाने प्रकाशकाला सोडले. त्यावरून झालेल्या क्षोभानंतर त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्रीय विधिमंडळाने 295-अ घातले. धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्याला संरक्षण राहिलेच पाहिजे, असे त्या वेळी बॅरिस्टर जिनांनी बजावले होते. प्रकाशकाचा 1929 मध्ये खून झाला. कलम होते, तरी झाला. आणि कलम येऊन जेमतेम तीन महिने होतात तोच, 25 डिसेंबर 1927 रोजी, महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. कित्येकांच्या भावना त्या दिवशी नक्कीच दुखावल्या असतील. नुसते दुखावणे हा गुन्हा ठरला असता, तर महाडचे सत्याग्रही तुरुंगात गेले असते. ‘दुष्ट हेतू’ हे शब्द तिथे आडवे येतात.

शेजारच्या पाकिस्तानकडे आपल्या जुन्या दंड विधानासारखी 1860 चीच दंडसंहिता आहे. तिथे प्रेषितांच्या अवमानासाठी 1986 मध्ये घातलेल्या 295-क मध्ये हेतूचा शब्दच नाही आणि शिक्षा मृत्यूची आहे. एक शब्द गाळल्याने काय होते, ते तिथे दिसते.

आता आपल्याकडचे व्यवहारातले दुखणे. 299 दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते असे) आणि अजामीनपात्र आहे. सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यायालयाने दखल घेऊ नये, अशी अट नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम 217 मध्ये आहे. अट चांगली, पण ती लागते दोषारोपपत्र न्यायालयात आल्यावर. गुन्हा नोंदवणे, अटक, मोबाइल जप्त करणे, यांतल्या कशालाही मंजुरी लागत नाही. म्हणजे छाननी होईपर्यंत माणूस कोठडी पाहून आलेला असतो. महेंद्रसिंग धोनी यांना विष्णूच्या रूपात दाखवणाऱ्या 2013 च्या मुखपृष्ठावरचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, ते 2017 मध्ये. कारण तेच, दुष्ट हेतू नाही. चार वर्षे धोनींना परवडली असतील. गावातल्या शिक्षकाला परवडतील का?

याच नागरिक सुरक्षा संहितेत एक वाट आहे. तीन वर्षे किंवा त्याहून जास्त, पण सातपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकाच्या परवानगीने 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, कलम 173(3). मार्च 2025 मध्ये कवी इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अभिव्यक्तीच्या अशा गुन्ह्यांत ही चौकशी करणेच योग्य, आणि शब्दांचे मोजमाप खंबीर, धीट माणसाच्या मापाने करावे. क्षणाक्षणाला डळमळणाऱ्या मनाच्या नव्हे. तरीही कायद्यातला शब्द ‘करता येईल’ असाच आहे. न्याय संहितेच्या 196 (दोन समाजांत वैर वाढवणे, म्हणजे जुने 153-अ) आणि 299 साठी तो ‘करावीच लागेल’ असा केला, तर निम्मा घोळ मिटेल.

त्या 14 दिवसांत पाहायचे काय? आधी संपूर्ण भाषण. दीड तासातून कापलेली अकरा सेकंदांची फीत नव्हे, आणि ती कोणी कापली, वर मजकूर कोणी चिकटवला, हेही. मूळ फाइलची हॅश किंमत (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा अंकी ठसा) आणि डिजिटल पुराव्यासाठी लागणारे साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र सुरुवातीलाच घेतले नाही, तर पुढे पुरावाच कोसळतो. हे फिर्यादीच्याही हिताचे. मग वाक्य तपासायचे. ‘ही प्रथा ढोंग आहे’ ही टीका झाली, कितीही बोचरी असो. ‘हे लोक ढोंगी आहेत, यांना गावात ठेवू नका’ हे प्रथेवरून माणसांवर घसरले, आणि त्याला कलम 196 आहे. बोट सिद्धांताकडे आहे की शेजाऱ्याकडे, एवढे पाहिले तरी बहुतेक प्रकरणांचा निकाल लागतो. देवाला पोलिसांचे संरक्षण लागत नाही. शेजाऱ्याला लागते, असे माझे मत.

एकाच पोस्टवर पाच ठिकाणी फिर्यादी हा आणखी एक ताप. त्याच घटनेवर दुसरा एफआयआर नको, हे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्येच सांगितले आहे. पण वेगवेगळ्या राज्यांतले गुन्हे एकत्र करायचे, तर थेट दिल्ली गाठावी लागते.

शिक्षा वाढवा, ही मागणी करणाऱ्यांनी एक हिशेब करावा. पंजाब विधानसभेने 2018 मध्ये धर्मग्रंथांच्या विटंबनेला जन्मठेपेची तरतूद करणारे विधेयक मंजूर केले होते. शिक्षा सात वर्षांच्या वर गेली की 173(3) ची चौकशी संपते, आणि अटकेऐवजी आधी नोटीस देण्याचा नियमही लागू राहत नाही. शिक्षा वाढते ती दोषी ठरलेल्याची. ही दोन दारे मात्र निर्दोष माणसालाही बंद होतात.

शेवटी आपल्याला एक विनंती. ‘भावना दुखावल्याप्रकरणी गुन्हा’ असा मथळा देताना कोणते कलम, प्राथमिक चौकशी झाली का, आणि नेमके वाक्य कोणते, या तीन गोष्टींची एक ओळ बातमीत द्यावी. वाक्य छापणे अवघड असेल, तर निदान ते प्रथेबद्दल होते की माणसांबद्दल, एवढे तरी.

आपला,
एक वकील वाचक