विषय : 'शुद्ध' ॲसिटोनमध्ये सापडलेल्या तेलकट अवशेषाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, गुणवत्ता व विक्री विभाग

महोदय,

आमच्या कागद-संवर्धन विभागाने तुमच्याकडून ॲसिटोनच्या अडीच लिटरच्या चार बाटल्या घेतल्या. लेबलवर बाष्पीभवनानंतरचा अवशेष जास्तीत जास्त 0.001% असा छापला आहे. एकाच बॅचच्या दोन बाटल्या या दर्जाच्या नाहीत.

प्रत्येक बाटलीतले 100 मिली ॲसिटोन तोललेल्या काचेच्या बशीत उडू दिले. 100 मिली म्हणजे सुमारे 79 ग्रॅम. मागे एक मिलिग्रॅमही उरायला नको. त्या दोन बशांत 31 आणि 34 मिलिग्रॅम पिवळसर, तेलकट थर उरला. मर्यादेच्या जवळजवळ चाळीसपट! बाकीच्या दोन बशा कोरड्या ठणठणीत निघाल्या. माल पीव्हीसी नळीतून भरला असावा, अशी आमची शंका आहे. ॲसिटोन अशा नळीतले, तिला मऊ ठेवणारे द्रव्य ओढून घेते.

भांडी पुसायला असा माल चालेलही, कागदाला नाही. सेलोटेपचा जुना गोंद काढताना पानाखाली टिपकागद ठेवून ॲसिटोन थेंबाथेंबाने सोडतात. ते 56 अंशांना उकळणारे, त्यामुळे ओल्या भागाच्या कडेला भराभर उडते आणि सोबत आणलेले सगळे तिथेच टाकून जाते. त्या दिवशी पान स्वच्छ दिसते. रेघ उमटते ती पुढे, पान जुने होताना.

हे तपासायला फिल्टर पेपरच्या पट्ट्यांवर चारही बाटल्यांतले थेंब सोडून, कागद लवकर जुना व्हावा म्हणून त्या 105 अंशांवर 72 तास ठेवल्या. शाई फुटू नये म्हणून राळ-तुरटीची खळ दिलेल्या कागदात शुद्ध ॲसिटोननेही राळ सरकते, म्हणून खळ नसलेला कागद मुद्दाम घेतला. सदोष बाटल्यांच्या पट्ट्यांवर पिवळी कडा आली. इतर पट्ट्यांवर आणि थेंब न दिलेल्या पट्टीवर आली नाही.

हे ॲसिटोन तीन पानांवर वापरले गेले आहे. तेल पाण्याने निघणार नाही. पुन्हा शुद्ध ॲसिटोन द्यावे, तर दर वेळी कागदातला ओलावा खेचला जाऊन तंतू आखडतात. आधीच ठिसूळ झालेल्या पानाला तेही सोसत नाही.

नुसते पैसे परत नकोत. या बॅचचा अवशेष व आम्लतेचा चाचणी अहवाल पाठवा, माल कशातून भरला ते लेखी कळवा, बदली बाटल्या द्या आणि हीच बॅच घेतलेल्या अभिलेखागारांना व ग्रंथालयांना आजच वापर थांबवायला सांगा. दोन्ही बाटल्या व पट्ट्या राखून ठेवल्या आहेत. तुमच्या रसायनतज्ज्ञाने येऊन पाहाव्यात.

आपले,
कागद-संवर्धन विभाग