बनगावचा धडा आपल्या वॉर्डात कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

12 मे रोजी, जागतिक परिचारिका दिनी, नर्सिंग कॉलेजांतून दिव्याची शपथ झाली, क्रिमियाच्या युद्धातल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यावर भाषणे झाली. व्हायलाच हवीत. पण आपल्या दाराशी झालेल्या 1971 च्या युद्धाने परिचर्येला काय शिकवले, यावर एक वाक्यही माझ्या कानी आले नाही. सरकारी रुग्णालयातून परिसेविका (वॉर्डची प्रमुख परिचारिका) म्हणून निवृत्त झालेली बाई म्हणून मला याची खंत वाटते.

बांगलादेशातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि सीमेवरच्या बनगावला कॉलरा भडकला. डॉ. दिलीप महालनोबिस जूनमध्ये तिथे पोहोचले, तेव्हा रुग्ण जमिनीवर पडलेले होते. सुई टोचायची तर उलटी-जुलाबाच्या घाणीतच गुडघे टेकावे लागत. सलाईन संपत आले होते आणि ते शिरेतून देण्याचे शिक्षण पथकातल्या दोघांनाच होते. मग त्यांनी कोलकात्यात पाकिटे भरून घेतली. प्रमाण असे: एका लिटर पाण्याला 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ, 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा. हे पाणी पिंपांत कालवून ठेवले. नातेवाईक पेले भरून नेत आणि आपापल्या माणसाला पाजत बसत. आधी शंभरात तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते, ते प्रमाण त्यांच्या देखरेखीखाली चारच्याही खाली आले.

औषध मोठे होतेच, पण मला त्याहून मोलाची वाटते ती कामाची वाटणी. शिकलेले हात नाडी न लागणाऱ्या रुग्णासाठी राखले, आणि ज्याला पिता येते त्याला त्याच्या आईच्या, भावाच्या हाती सोपवले. त्यांना शिकवायचे आणि सगळ्यांवर नजर ठेवायची. हे काम परिचारिकेचेच.

आपल्याकडे पहिल्या पावसानंतर गॅस्ट्रोची साथ आली की काय दिसते? बाटली लटकली नाही तर उपचारच नाहीत, असा नातेवाईकांचा समज. पाणी मागणाऱ्या पोरालाही सलाईन लागते, आणि हातपाय गार पडलेल्या म्हाताऱ्याची शीर शोधायला सिस्टर मोकळी नसते. त्याला सलाईन क्षणाचाही उशीर न करता हवे, म्हणून तर बाकीच्यांनी प्यायला हवे.

अशाच एका साथीत एक आजी नातवाला वाटी-चमच्याने ओआरएस, म्हणजे तसेच मीठ-ग्लुकोजचे पाणी, पाजत होती. पोराने उलटी केली आणि तिने वाटी बाजूला सारली. "पोटात काय ठरतंच न्हाई, बाटलीच लावा बाई." मी म्हटले, "आजी, दहा मिनिटं थांबा, मग दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा." त्याच्या पोटाची चामडी चिमटीत धरून सोडली, ती सावकाश मागे गेली, म्हणजे अंगातले पाणी कमी झाले होते. ते तिलाही दाखवले आणि पुन्हा कधी बघायचे तेही सांगितले. दुपारी पोराने लघवी केली, तर आजी वॉर्डभर सांगत सुटली. पुढच्या दोन खाटांवरच्या आयांना मग तिनेच शिकवले.

एवढे सांगायला वेळ लागतो, आणि तोच आज सिस्टरकडे नाही. रात्रपाळीला एकटी बाई, चाळीसेक रुग्ण, वर रजिस्टरे आणि ऑनलाइन नोंदी. मग पाकीट नुसते हातात दिले जाते. घरी ते एका ग्लासात कालवले जाते. ते द्रावण फार तीव्र होते, लहान मुलाला अपाय करते. लिटरभर पाणी मोजून दाखवले असते तर हे टळले असते. लहान मुलांना झिंकच्या गोळ्या 14 दिवस द्यायच्या, हेही जुलाब थांबल्यावर घरोघरी विसरले जाते.

माझी मागणी साधी आहे. पावसाळ्यापुरता तरी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ओआरएसचा कोपरा असावा, आणि तिथली सिस्टर दुसऱ्या कामाला ओढू नये. आशाताई घरोघरी ही पाकिटे वाटतात. मग रुग्ण तपासून ओआरएस सुरू करायला अधिपरिचारिकेने (स्टाफ नर्सने) डॉक्टरांच्या सहीसाठी का थांबावे? तो अधिकार तिला लेखी द्या. आणि नर्सिंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थिनीला नातेवाइकासमोर बसवून हे शिकवायला लावा, त्याला गुण ठेवा. जूनच्या आधी जिल्ह्याजिल्ह्यांतून तसे परिपत्रक निघावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, सातारा