'ब्लूस्टॉकिंग'चा अर्थ एवढाच नाही

मा. संपादक,
स. न.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत इंग्रजी शब्दांचं जे छोटं सदर येतं त्यात मागे 'ब्लूस्टॉकिंग' हा शब्द होता आणि अर्थ दिला होता 'पुस्तकात डोकं खुपसून बसणारी रुक्ष बाई', बस्स, विषय संपला. वाचून खरंच वाईट वाटलं. डिक्शनरीत साधारण असाच अर्थ मिळतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण हा हिणवायचा शब्द आहे एवढं तरी लिहायला हवं होतं. शाळेतली मुलंमुली हे सदर कापून वहीत चिकटवतात, त्यांना वाटणार की अभ्यासू बाईला इंग्रजीत असंच म्हणायचं असतं.

ब्लूस्टॉकिंग म्हणजे शब्दशः निळा मोजा, आणि मुळात हे निळे मोजे कुठल्या बाईचे नव्हतेच, पुरुषाचे होते. साधारण १७५० नंतरचं लंडन. एलिझाबेथ माँटेग्यू नावाची श्रीमंत बाई (नवऱ्याच्या कोळशाच्या खाणी होत्या), तिच्या घरी आणि तिची मैत्रीण एलिझाबेथ व्हेझी हिच्या घरी लोक गप्पा मारायला जमायचे. त्या काळात बड्या घरात संध्याकाळ म्हणजे पत्ते आणि जुगार, इथे मात्र पत्ते बंद, दारू नाही, चहा आणि लिंबू सरबत, आणि बोलायचं ते पुस्तकांबद्दल. बायका तर होत्याच पण डिक्शनरीकार सॅम्युअल जॉन्सन, चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्स, नट डेव्हिड गॅरिक असले लोकही यायचे. बेंजामिन स्टिलिंगफ्लीट हा वनस्पतीशास्त्राचा अभ्यासक त्यातलाच एक. अशा ठिकाणी पुरुषांनी रेशमी मोजे घालून जायची पद्धत होती आणि हा बिचारा रोजच्या वापरातले जाडेभरडे निळे लोकरी मोजे घालून यायचा, आणि कोणी त्याला नावं ठेवत नव्हतं! जॉन्सनचा चरित्रकार बॉसवेल याने लिहून ठेवलंय की स्टिलिंगफ्लीटचं बोलणं इतकं छान असायचं की तो आला नाही तर लोक म्हणायचे, निळ्या मोज्यांशिवाय आपलं काही खरं नाही. माँटेग्यूबाईंच्या १७५७ च्या एका पत्रातही आहे की स्टिलिंगफ्लीटने निळे मोजे सोडले, आता रोज रात्री ऑपेराला जातो. त्यावरून या सगळ्या मंडळालाच ब्लूस्टॉकिंग म्हणायला लागले, म्हणजे आपापसातली प्रेमाची थट्टा, आणि तीही बाया-पुरुष सगळ्यांना धरून. (त्याच्या शंभर वर्षं आधी १६५३ च्या पार्लमेंटमधल्या साध्या कपड्यातल्या मेंबरांना हाच शब्द टोमणा म्हणून लावलेला सापडतो, पण तो धागा वेगळा.)

आणि रुक्ष? या मंडळातली एलिझाबेथ कार्टर बघा. केंट परगण्यातल्या डील या समुद्रकाठच्या गावातल्या पाद्र्याची मुलगी. वडील तिला आणि भावांना लॅटिन ग्रीक शिकवायचे पण हिला इतकं सावकाश यायचं की त्यांनी पुष्कळदा सांगितलं, बाई तू नाद सोड. तिने सोडला नाही. रात्री झोप येऊ नये म्हणून तपकीर ओढायची, ग्रीन टी प्यायची, डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून बसायची. पहाटे जाग यावी म्हणून उशाशी एक घंटा, घंटेला दोरी, दोरीचं टोक खिडकीच्या फटीतून खाली बागेत, आणि चर्चचा सेवक चार-पाचच्या सुमारास उठला की जाता जाता ती दोरी ओढायचा. अशी घासून घासून ती ग्रीक, लॅटिन, हिब्रू शिकली, पुढे अरबीसुद्धा. १७५८ साली तिने एपिक्टेटस या ग्रीक तत्त्ववेत्त्याचं सगळं उपलब्ध लिखाण इंग्रजीत आणलं, त्यावर हजार पौंडाच्या आसपास कमाई केली आणि पुढे डीलमधे स्वतःचं घर घेतलं, लग्न केलं नाही, वडील तिच्याजवळच राहिले. तो अनुवाद दीडशे वर्षांनंतरही छापला जात होता. जॉन्सन तिच्याबद्दल म्हणाले की ती एपिक्टेटसचं भाषांतर करते तशी पुडिंगही उत्तम करते. त्यांनी कौतुकानेच म्हटलं होतं पण मला ते खटकतं, ग्रीक येणाऱ्या पुरुषाला कोणी तुला स्वयंपाक येतो का असं विचारत नव्हतं.

मग शब्द बिघडला कधी? माझ्या मते या बायका नुसत्या गप्पा मारत होत्या तोवर चाललं, त्या छापायला लागल्या, स्वतःच्या नावावर पैसे मिळवायला लागल्या आणि लोकांना ते झोंबलं. त्यात फ्रेंच क्रांतीनंतर इंग्लंडमधे शिकलेल्या बाईकडे संशयाने बघायला लागले. शब्दातून पुरुष कधीच गळून गेले होते, उरल्या बायका. कवी बायरनने त्यांच्यावर विडंबन लिहिलं, निबंधकार हॅझलिटने तर १८२१-२२ च्या सुमारास सरळ लिहिलं की मला ब्लूस्टॉकिंगांचा तिटकारा आहे, लेखकाचं म्हणणं काय ते ज्या बाईला कळतं तिची मला पर्वा नाही. म्हणजे वाचलेलं समजणं हाच गुन्हा! फ्रेंच आणि जर्मनमधेही शब्द तसाच गेला, निळे मोजे, आणि तिथेही शिवीसारखाच.

याचा परिणाम नुसता भाषेत राहिला असं नाही. केंब्रिजमधे बायका परीक्षा द्यायच्या, १८९० मधे फिलिपा फॉसेट गणितात सिनियर रँग्लरच्या, म्हणजे पहिल्या आलेल्या मुलाच्याही वर आली (आपले रँग्लर परांजपे सिनियर रँग्लर झाले ते १८९९ ला), पण डिग्री? तोंडाला पानं पुसली. १८९७ साली त्यावर मतदान झालं तेव्हा पोरांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा भर रस्त्यावर टांगला, आणि सुमारे १७०० विरुद्ध ६६० मतांनी प्रस्ताव पडला. डिग्री मिळाली १९४८ ला.

एक गोष्ट मात्र मला फार आवडते. १९११ मधे तोक्योत हिरात्सुका रायचो आणि तिच्या मैत्रिणींनी फक्त बायकांनी लिहिलेलं मासिक काढलं आणि त्याचं नाव मुद्दाम 'सेइतो' ठेवलं, म्हणजे निळे मोजे. लोक तसंही हेच म्हणणार, तर आपणच आधी घेऊ. सरकारने काही अंकांवर बंदी घातली तरी १९१६ पर्यंत चालवलं त्यांनी ते.

माझी विनंती एवढीच की पुढच्या रविवारी त्या सदरात 'हेटाळणीचा शब्द, मूळ अर्थ वेगळा' अशी एक ओळ टाका, आणि जमलं तर मुलांच्या पानावर एलिझाबेथ कार्टरवर एक लेख द्या. चित्र हवं असेल तर रिचर्ड सॅम्युएलने या मंडळातल्या आणि त्या काळच्या इतर नावाजलेल्या बायका, अशा नऊ जणींचं काढलेलं चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे, त्यात कार्टरही आहे.

आपली,
एक नियमित वाचक, सांगली