मांजराच्या कण्यातलं इंजेक्शन आणि घरची रात्र

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आषाढात आमच्या चिंगी मांजरीला देवगड बंदराच्या रस्त्यावर मोटरसायकलची ठोकर बसली. कमरेचं हाड मोडलं. भर पावसात गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूर गाठलं, तिथल्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन झालं. दुखू नये म्हणून कण्यात इंजेक्शन दिलं होतं. त्याचा गुण आला, एवढं मोठं ऑपरेशन होऊनही ती कळवळली नाही. दुसऱ्या दिवशी इंग्रजी कागदावर माझी सही घेऊन आम्हाला घरी पाठवलं.

रात्री ती मातीच्या टोपल्यात जाऊन नुसती बसायची. एक थेंब नाही. पोटाला हात लावला तर मोसंब्याएवढा टणक गोळा. कोल्हापूरच्या दवाखान्यात फोन केला तर, "भुलीनंतर होतं असं, उद्या बघा." शेजारीण कळवळून म्हणाली, "तापाची अर्धी गोळी दी तिका, दुखणा थांबतला." दिली नाही हे नशीब. त्या गोळीतलं पॅरासिटामॉल मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाही, अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो.

सकाळी आमच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हलक्या हातानं दाबून मूत्राशय रिकामं केलं. किती वेळ धार चालू होती! चार दिवस सकाळ-संध्याकाळ तेच केलं, मग ती आपली आपण करू लागली. त्यांनीच समजावलं की कण्यात मॉर्फिनसारखं औषध दिलं तर मूत्राशयाचा स्नायू सैल पडून लघवी अडते. ठोकरीनं नस दुखावली असेल तरी अडते. कारण कुठलंही असो, तुंबू द्यायचं नाही. शिवाय मांजराचा मज्जारज्जू कुत्र्यापेक्षा शेपटीकडे जास्त लांब जातो. त्यामुळे कमरेच्या शेवटच्या मणक्यापाशी घातलेली सुई मज्जारज्जूभोवतीच्या आवरणात शिरण्याची शक्यता मांजरात जास्त. तसं झालं तर डोस कमी करावा लागतो, नाहीतर औषध वर छातीकडे चढून श्वास मंदावतो. भुलीच्या औषधानं रक्तदाबही उतरतो. सुईच्या जागी कातडीला जखम-पू असेल किंवा रक्त गोठत नसेल, तर हे इंजेक्शन देतच नाहीत.

हे इंजेक्शन बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही. मोडक्या हाडाचं दुखणं मुक्या जिवानं नुसतं सोसावं, हे मला पटणार नाही. पण आमच्यासारखी माणसं शंभर किलोमीटरवरून येतात आणि रात्री घरी एकटी असतात. त्यांच्या हाती मराठीत अर्धं पान द्यावं: कण्यात कुठलं औषध दिलं, किती वाजता दिलं, दवाखान्यात लघवी झाली की नाही, किती तासांत झाली नाही तर धावायचं आणि रात्री फोन कोण उचलेल. मूत्राशय कसं चाचपायचं तेही निघण्यापूर्वी आमचा हात धरून दाखवावं.

चिंगी आता पडवीतून उडी मारते. कमरेवर भादरलेल्या चौकोनात मात्र केस अजून पुरते आलेले नाहीत.

आपली,
एक वाचक, देवगड