‘चालू आहे, टाकू नये’: एका जुन्या लॅपटॉपच्या निमित्ताने आभारपत्र

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठे लिहू नये, असे आपण मी निघताना बजावले होते. ते पाळते. पत्र मात्र उघड लिहीत आहे, कारण माझा लॅपटॉप ‘मेला’ असे ज्यांनी सांगितले ते चारचौघांसमोर सांगितले, आणि आपण तो पुन्हा सुरू केला तेव्हा त्या खोलीत आपण आणि मी, दोघेच होतो.

हा लॅपटॉप २०११ सालचा. त्यात इंटेलचा कोअर आय३-२३१०एम हा दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर होता. मेमरी आठ जीबी केली, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली आणि यंत्राला पुष्कळ वेग आला. पण मी जुनी ध्वनिमुद्रणे स्वच्छ करण्याचे काम करते, आणि त्या कामात शेवटी प्रोसेसरच कमी पडत होता. तो बदलता येतो असे कळल्यावर मी ज्यांच्याकडे गेले, त्यांनी खालचे झाकण उघडले, सॉकेट (प्रोसेसर बसवायची खाच) पाहिले आणि “बसतो म्हणजे चालतो” असे म्हणून तिसऱ्या पिढीचा चार कोअरचा (आत चार स्वतंत्र गणनाकेंद्रे असलेला) आय७ त्यात बसवला. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळाच राहिला. तासाभराने त्यांनी निकाल दिला की मदरबोर्ड, म्हणजे यंत्राचा मुख्य बोर्ड, गेला, आणि वर हेही ऐकवले की इतक्या जुन्या मशीनला हात लावायला सांगितले की असे होणारच. जणू चूक माझ्या हौसेची होती. काढलेला जुना प्रोसेसर त्यांनी रद्दीच्या कागदात गुंडाळून माझ्या हातावर ठेवला. दुसऱ्यांनी तर झाकणही उघडले नाही. यंत्राच्या पाठीवरचे वर्ष वाचले आणि नवा घ्या, असे सांगून मान वळवली. चुकणे मी समजू शकते, कारण माझ्या कामात मीही चुकते. पण स्वतःची चूक यंत्राच्या वयावर आणि यंत्रवाल्याच्या माथ्यावर ढकलून मोकळे होणे मला अजून माफ करता आलेले नाही.

त्यानंतर ओळखीतून आपला पत्ता मिळाला. माझी सगळी हकीकत ऐकून घेतल्यावर आपण एकच प्रश्न विचारलात, “जुना प्रोसेसर कुठे आहे?” तोपर्यंत हे मला कोणीही विचारले नव्हते. मी पिशवीतून ती कागदाची पुडी काढली आणि तिच्यातल्या प्रोसेसरच्या एका कोपऱ्यातल्या चार पिना वाकलेल्या आहेत हे मला तिथे, आपल्या टेबलावरच्या दिव्याखाली, पहिल्यांदा दिसले.

त्या चार पिनांवर आपण घालवलेला वेळ माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. प्रोसेसरच्या पोटाला ९८८ पिना असतात, केसाहून थोड्याच जाड, आणि त्यातली एक मोडली तरी खेळ संपू शकतो. आपण शिशाची कांडी काढून टाकलेली एक यांत्रिक पेन्सिल घेतलीत, तिचे पोकळ टोक वाकलेल्या पिनेवर टोपीसारखे चढवलेत आणि इतके हळू सरळ केलेत की हालचाल दिसतही नव्हती; पीन उभी राहिलेली तेवढी दिसली. प्रत्येक पिनेनंतर आपण भिंग माझ्याकडे दिलेत आणि ओळ सरळ आहे का ते मला पाहायला लावलेत. मग कोपऱ्यावरचा त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवून, जराही दाब न देता प्रोसेसर आत सोडलात आणि स्क्रू अर्धा फिरवून तो पकडीत घेतलात. पडदा उजळला. गेलेला मदरबोर्ड गेलेला नव्हताच.

त्यानंतर आपण जे समजावलेत ते इथे लिहिते, कारण माझ्यासारखे आणखी कोणी या फसवणुकीत सापडू नये असे मनापासून वाटते. सॉकेटमध्ये बसणे आणि बायोसने, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमने, ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०११ ची सँडी ब्रिज (दुसरी) आणि २०१२ ची आयव्ही ब्रिज (तिसरी) या दोन्ही पिढ्यांचे पिनांचे लॅपटॉप प्रोसेसर त्याच सॉकेटमध्ये बसतात. पण सुरू होताना बायोसमध्ये त्या प्रोसेसरचा मायक्रोकोड (त्याच्या आतल्या सूचनांचा संच) आणि त्याला जागे करण्याच्या सूचना असाव्या लागतात. माझ्या लॅपटॉपच्या एचएम६५ चिपसेटवर (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपवर) नवी पिढी चालवायची तर उत्पादकानेच तसा बायोस द्यायला हवा होता, आणि या मॉडेलसाठी तो कधी दिला गेलाच नाही. बायोसला समोर कोण बसले आहे हे कळले नाही, म्हणून पडदा काळा राहिला. जळले काहीच नव्हते.

मी आशेने विचारले की मग दुसऱ्याच पिढीचा चार कोअरचा प्रोसेसर बसेल का. आपण लगेच हो म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत. या मॉडेलची सेवा-पुस्तिका उघडलीत, तिच्यातली प्रोसेसरांची यादी बोटाने ओळीओळीने खाली वाचलीत आणि मला दाखवलेत की चार कोअरचे प्रोसेसर ४५ वॅटचे आहेत, त्यांच्यासाठी उष्णता वाहून नेणारी जास्त जाड हीटसिंक आणि मोठा अडॅप्टर दिलेला आहे, आणि माझ्या यंत्रात दोन्ही नाहीत. त्याच यादीत दोन कोअरचा आय७-२६४०एम होता. तोही ३५ वॅटचाच, म्हणजे उष्णता माझ्या जुन्या आय३ इतकीच. पण आय३ २.१ गिगाहर्ट्झवर अडकलेला आणि त्याला टर्बो, म्हणजे गरजेपुरता वेग वाढवण्याची सोय, नाही, तर हा २.८ पासून सुरू होऊन गरजेला ३.५ पर्यंत चढतो. मला मोठ्या आकड्याची ओढ होती. आपण मला यंत्राला झेपेल ते दिलेत.

बायोस अद्ययावत करण्याचे काम आपण जुना प्रोसेसर आत असतानाच उरकलेत. नव्याला बायोस ओळखत नसेल तर यंत्र सुरूच होणार नाही, मग अद्ययावत करायचे कशावर, हे आपले साधे वाक्य मी कायमचे लक्षात ठेवले आहे. बाकीचा तपशील इथे लिहीत बसत नाही.

नवा प्रोसेसर ओळखला गेला, काम झाले, मी उठले आणि पिशवीची चेन लावू लागले. आपण म्हणालात, “थांबा, दोन मिनिटे.” आणि जुना आय३ हातात घेतलात. त्याच्या माथ्यावरची वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) कापडाने पुसत राहिलात, मधली काचेसारखी चकती चकचकीत दिसेपर्यंत. नवा ज्या प्लास्टिकच्या डबीतून आला होता तिच्यात त्याला पिना खाली करून ठेवलेत. मग कागदाच्या एका चिठ्ठीवर बॉलपेनने प्रोसेसरचे नाव, बायोसच्या आवृत्तीचा क्रमांक आणि त्या दिवसाची तारीख लिहिलीत, आणि खाली लिहिलेत: ‘चालू आहे. टाकू नये.’ डबी माझ्या हातात देताना सांगितलेत की पुढे कधी काही बिघडले तर आधी हा बसवून पाहायचा. हा चालला तर मदरबोर्ड ठीक आहे एवढे तरी कळेल, आणि कोणी काहीही सांगितले तरी घाबरायला नको.

महोदय, आपण मला दिलेल्या सगळ्या वेळात ही दोन मिनिटे मला सर्वांत मोलाची वाटतात. काम संपले होते. त्या जुन्या तुकड्याशी आपला आता काही संबंध नव्हता. ज्याला एका माणसाने रद्दीत गुंडाळले होते, त्याच्यावर आपण सुवाच्य अक्षरात त्याची ओळख लिहिलीत, आणि पुन्हा कोणी मला भीती घातली तर माझ्या हातात पुरावा असेल याची सोय केलीत. ज्ञान असलेली माणसे मला आयुष्यात पुष्कळ भेटली. समोरच्याला आपल्यावर अवलंबून न ठेवता ते त्याच्या हाती सोपवणारी फार थोडी. अशा माणसांमुळेच वस्तू दुरुस्त होतात, आणि दुरुस्त होऊ शकतात यावरचा विश्वासही टिकतो. आपल्या बोलण्यात मला एकदाही माझ्या अज्ञानाची जाणीव करून दिली गेली नाही. उलट आपल्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती तेव्हा आपण “पाहून सांगतो” म्हणालात आणि खरोखर पाहिलेत.

माझ्या बहिणीच्या लॅपटॉपबद्दल मी जाता जाता विचारले, तेव्हाही आपण खरे तेच सांगितलेत. तो पाचव्या पिढीचा आहे, आणि त्या पिढीपासून इंटेलचे लॅपटॉप प्रोसेसर बोर्डावर कायमचे सोल्डर केलेलेच येतात, तेव्हा प्रोसेसर बदलण्याचा विचारही करू नये. मेमरी आणि एसएसडीचे पाहावे. एक काम हातचे जात होते, पण आपल्या चेहऱ्यावर त्याची रेषही उमटली नाही. तिने एसएसडी घातली आहे आणि ती समाधानी आहे, हे आपल्याला कळवायचे राहिले होते.

माझे यंत्र उत्तम चालले आहे. ज्या ध्वनिमुद्रणाला पूर्वी रात्रभर लावून ठेवावे लागे, ते आता पुष्कळ लवकर तयार होते, आणि पंख्याचा आवाजही पूर्वीइतकाच आहे. डबी टेबलाच्या पहिल्या खणात आहे, चिठ्ठीसकट. पहिल्या ठिकाणी हरवलेल्या दोन स्क्रूंच्या जागी आपण आपल्या संग्रहातले दोन लावून दिले होतेत. त्यांतला एक इतरांपेक्षा थोडा काळसर आहे, आणि लॅपटॉप उलटा केला की मी आधी तोच शोधते.

आपली ऋणी,
त्या काळसर स्क्रूच्या लॅपटॉपची मालकीण