‘मामावर गेलाय’ एवढ्यावर थांबू नये

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की खानदेशात कापूस जिनिंगवर येऊ लागतो, नंदुरबारकडच्या पथारींवर लाल मिरची पसरली जाते आणि गावोगावच्या दवाखान्यांतली बाकं नाक चोंदलेल्या, कपाळ धरून बसलेल्या रुग्णांनी भरून जातात. या सगळ्यांच्या आजाराला आपल्याकडे एकच शब्द आहे, ‘सायनस’. वास्तविक सायनस हे आजाराचे नाव नसून चेहऱ्याच्या हाडांत प्रत्येकालाच असणाऱ्या हवेच्या पोकळ्यांचे नाव आहे. पण ‘मला सायनस आहे’ असे म्हटले की धुळीवर आणि थंडीवर खापर फोडून, पाच दिवसांच्या गोळ्या घेऊन आपण मोकळे होतो. धूळ निर्दोष आहे असे मला म्हणायचे नाही. मात्र हा संसर्ग एकाच माणसाला वर्षातून चार-चार वेळा होत असेल, तर तो त्यालाच का होतो, हा प्रश्न विचारायला हवा आणि तो बहुधा विचारला जात नाही.

बहुतेकांच्या बाबतीत उत्तर साधे असते. ॲलर्जीमुळे नाकाचे अस्तर सतत सुजलेले असते, नाकाचा पडदा वाकडा असतो, नाकात मऊ गाठी वाढलेल्या असतात, लहान मुलांत नाकामागचे ॲडेनॉइड फुगलेले असतात. वरच्या दाढेच्या मुळाशी साचलेला पू थेट गालाच्या पोकळीत उतरतो, हे तर कित्येकांच्या गावीही नसते. एकाच बाजूच्या नाकातून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर कानाघशाच्या डॉक्टरांबरोबर दातांच्या डॉक्टरांनाही दाखवणे शहाणपणाचे ठरते. लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा साधी सर्दी होणे हेही स्वाभाविकच आहे. मी लिहीत आहे ते या सर्वांतून उरणाऱ्या थोड्यांविषयी, ज्यांच्या आजाराचे मूळ घराण्यात असते.

माझ्या भाचीचा मुलगा जेमतेम सात महिन्यांचा असल्यापासून आजारी पडू लागला. कधी कान वाहायचा, कधी सायनस, दोनदा न्यूमोनिया. औषधाने बरा व्हायचा आणि महिन्याभरात पुन्हा तेच. घरातली वडीलधारी मंडळी कौतुकाने म्हणत, ‘मामावर गेलाय.’ मामा म्हणजे भाचीचा भाऊ. तोही सदा शेंबडा म्हणूनच सर्वांच्या आठवणीत होता आणि 1998 साली, नऊ वर्षांचा असताना, न्यूमोनियाने गेला. पाच वर्षांत पाहिलेल्या चार डॉक्टरांपैकी एकानेही मामाविषयी विचारले नाही आणि आम्हीही आपणहून सांगितले नाही. पाचव्या डॉक्टरांनी टॉर्चने घसा पाहून विचारले, ‘याच्या टॉन्सिल्सचे ऑपरेशन कधी केले?’ ऑपरेशन झालेच नव्हते. टॉन्सिल्स दिसतच नव्हत्या, कारण ज्या पेशींनी त्या भरलेल्या असतात त्या पेशीच त्याच्या शरीरात तयार होत नव्हत्या. रोगजंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या प्रतिपिंडांची, म्हणजे आयजीजी, आयजीए आणि आयजीएम यांची तपासणी केली, तेव्हा तिन्ही जवळजवळ नाहीतच असे आढळले.

हा आजार अमेरिकन डॉक्टर ब्रूटन यांनी 1952 मध्ये प्रथम नोंदवला. त्यातला दोष एक्स गुणसूत्रावर असतो. आईकडे दुसरे निरोगी एक्स गुणसूत्र असल्यामुळे तिला त्रास होत नाही, परंतु तिच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची आणि प्रत्येक मुलीने तो दोष पुढे नेण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून तो मामाकडून भाच्याकडे आल्यासारखा दिसतो. जन्मानंतर पहिले काही महिने आईकडून मिळालेली प्रतिपिंडे बाळाला सांभाळतात. ती संपली की संसर्ग सुरू होतात. ‘मामावर गेलाय’ हे आमच्या घरातले वाक्य शब्दशः खरे होते, फक्त ते डॉक्टरांच्या कानावर जायला पाच वर्षे लागली.

प्रतिपिंडे कमी असण्याचे इतर प्रकारही आहेत आणि त्यांतले काही ऐन तिशीतही उघडकीस येतात. काही कुटुंबांत नाकातील सूक्ष्म केसांची हालचालच जन्मतः बिघडलेली असते. अशा रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांचे हृदय उजवीकडे असते. काहींत स्राव मुळातच चिकट असतो आणि मुलाचा मुका घेतला की घाम नेहमीपेक्षा खारट लागतो. हे शेवटचे दोन आजार सहसा आई आणि वडील या दोघांकडूनही दोष आल्यावरच होतात, त्यामुळे नात्यात लग्ने होणाऱ्या कुटुंबांत त्यांची शक्यता वाढते. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे अजून पुरती गेलेली नाही, हे इथे नमूद करावे लागते.

माहिती पुढे न येण्याचे खरे कारण मात्र अज्ञान नव्हे, स्थळे आहेत. भाचीच्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरायचे आहे. तिची तपासणी करू म्हटले तर घरचेच ‘घराण्यात खोट आहे असे गावभर होईल’ म्हणून गप्प बसवतात. याच खानदेशात सातपुड्यातील पाड्यांवर सिकलसेलची तपासणी होते आणि आनुवंशिक आजार म्हणजे काय, हे तिथल्या आयाबायांना समजावून सांगितले जाते. शिकल्यासवरल्या घरांनी त्यांच्याही मागे राहावे, याची मला शिक्षिका म्हणून लाज वाटते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात. त्या वेळी वारंवार कान वाहणे, सायनस किंवा न्यूमोनिया होणे आणि आई-वडिलांच्या भावंडांपैकी कोणी बालपणी संसर्गाने दगावले असणे, याविषयीचे दोन प्रश्न पालकांना आवर्जून विचारले जावेत, अशी आपल्या पत्रामार्फत धुळे, जळगाव आणि नंदुरबार येथील आरोग्य अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. आमच्या मुलाला आता दर चार आठवड्यांनी शिरेतून प्रतिपिंडे दिली जातात. या हिवाळ्यात त्याची शाळा एकच दिवस बुडाली, तीही मामेआजोबांकडच्या लग्नासाठी.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, अमळनेर