तुझ्या यादीत भिंत कुठंय?

गावभाग, सांगली
१६ मे

चि. बाळू यास,
अनेक आशीर्वाद.

पुण्यातल्या नव्या घरासाठी तुम्ही दोघांनी मिळून केलेली यादी पोचली. बाबांनी ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरांत छापून आणली आणि "हे तुझ्या खात्याचं काम" म्हणून माझ्या पुढ्यात ठेवून पेपर वाचायला बसले. फ्रिज, दोन गिझर, मायक्रोवेव्ह, किटली, दाराला कॅमेरा, फोनवरून लागणारे दिवे. किंमत, सवलत, तारे, सगळं रकान्यांत नीट मांडलंयस. पण हे सगळं लटांबर ज्या भिंतीत खुपसायचं, त्या भिंतीबद्दल यादीत एक ओळ नाही. फोनवर सांगितलं तर तू "हो हो" करतोस आणि दुसऱ्या कानानं सोडून देतोस, म्हणून लिहूनच पाठवतेय.

"इमारत नवीन आहे, वायरिंग चांगलंच असणार," हे तुझं पुढचं वाक्य मला आत्ताच ऐकू येतंय. तरी चावी हातात आली की किचनवाला सुतार घरात शिरायच्या आधी, मोकळ्या घरात टेस्टर आणि मल्टिमीटर घेऊन एकदा फिर. एकदा कपाटं लागली की अर्धे बोर्ड त्यांच्या मागं जातात. सॉकेटसमोर उभं राहिलं की वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. टेस्टर फक्त उजवीकडं पेटला पाहिजे. डावीकडं पेटला तर वायरमननं घाईत उलटं जोडलंय. वस्तू तशीही चालते म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण मग वस्तूवरचं बटण बंद केलं तरी तिच्या आत करंट उभाच असतो.

मग मीटर. एसी व्होल्टवर आहे ना ते आधी बघ. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थचा आकडा अर्धवट आला किंवा नाचायला लागला तर ते वरचं भोक नुसतं शोभेचं आहे. त्याच्यामागं वायर नाही, नाहीतर कुठंतरी सुटलीय. मीटर सूनबाईच्या हातात दे, तिचा हात तुझ्यापेक्षा स्थिर आहे. तू आकडे लिहून घे. प्लगची वरची पिन जाड आणि लांब असते ती उगीच नाही. आत जाताना अर्थ सगळ्यात आधी लागावं आणि निघताना सगळ्यात शेवटी सुटावं, म्हणून ती तशी. ती पिन कापून दोन भोकांत प्लग बसवणारे महाभाग आपल्या घरातही आहेत. नाव लिहीत नाही, कारण हे पत्र पोस्टात टाकायला तेच जाणार आहेत.

डीबीचं, म्हणजे घरातल्या सगळ्या लाइनींचे खटके असतात त्या डब्याचं, झाकण उघडून बघ. नुसते एमसीबी असतील तर बिल्डरच्या माणसाला आरसीसीबी कुठंय ते विचार. एमसीबी वायरला वाचवतो. लोड जास्त झाला, शॉर्ट झालं की पडतो. माणसाला शॉक बसला तर तो ढिम्म हलत नाही, कारण अंगातून जाणारा करंट त्याच्या हिशेबी काहीच नसतो. ते काम आरसीसीबीचं. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो क्षणात लाइन तोडतो. त्याच्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबायचं, खटका पडला पाहिजे. आपल्याकडं मी दर महिन्याच्या एक तारखेला दाबते आणि बाबांची टीव्हीवरची बातमी अर्धवट राहते. त्यांना अजून वाटतं मी मुद्दाम करते.

आता तुझी यादी. स्वयंपाकघरासाठी तू ३ लिटरचा झटपट गिझर लिहिलायस, ३००० वॅटचा. २३० नं भाग, १३ अँपिअर झाले. शेजारी मायक्रोवेव्ह, तो ओढणार पाच. किटली दीड हजार वॅटची, तिचे साडेसहा. सकाळी सातला तिन्ही एकदम लागणार, कारण घाईच्या वेळेलाच घरातलं सगळं एकदम लागतं. झाले साडेचोवीस. तुमच्या किचनची लाइन अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरची असेल आणि वर २० अँपिअरचा एमसीबी. तो कधी ना कधी पडणार. मग तू कुणालातरी बोलावणार, तो "एमसीबी वीक आहे" म्हणून ३२ चा टाकून देणार, आणि तू खूश. एमसीबी पडायचा थांबला म्हणजे दुखणं गेलं असं नाही, आता वायर भिंतीच्या आत तापतेय. आण्णांच्या दुरुस्तीच्या दुकानात अशा घरांतल्या जळक्या पट्ट्या खोकं भरून पडलेल्या असायच्या. ३२ टाकायचाच तर आधी वायर बदल. त्यापेक्षा गिझरला डीबीपासून चार चौरस मिलिमीटरच्या वायरची वेगळी लाइन ओढून घे, फर्निचर लागायच्या आधी. नंतर टाइल फोडावी लागेल.

बाथरूमचा २५ लिटरचा घे, तो ठीक आहे. २००० वॅटचा गिझर २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला अर्धा तास घेतो आणि एक युनिट खातो. दिवसभर चालू ठेवायची गरज नाही. तुमच्या सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी येतं म्हणालास, म्हणजे क्षार आलेच. टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवतो. वर्षाची सर्व्हिस करताना तो बाहेर काढून दाखव म्हणायचं. बोटाएवढा जाड असायचा तो काडीएवढा झाला असेल तर बदलायचा. हे सर्व्हिसवाल्याला तुलाच सांगावं लागतं, तो आपणहून सांगत नाही.

फ्रिजचे तारे मोजत बसू नकोस. ताऱ्यांचे निकष मधून मधून कडक होतात, त्यामुळं जुन्या स्टिकरवरचे पाच आणि नव्यावरचे पाच सारखे नसतात. खाली बारीक अक्षरांत वर्षाला किती युनिट ते छापलेलं असतं, तो आकडा वाच. दोन फ्रिज शेजारी ठेवून तेवढाच आकडा बघितला तरी निवड होते. पंख्यांना मात्र पैसे टाक. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा नवा पंखा ३० च्या आत-बाहेर. रोज बारा तास धरले तर एका पंख्यामागं महिन्याला सोळा युनिट वाचतात. यादीत पंख्यांच्या पुढं तू "बिल्डरचेच" लिहिलंस आणि दिवे फोनवरून लावायला एवढे पैसे काढलेस, हे काही मला पटलं नाही. भिंतीवर बटण असतंच की.

मिक्सरच्या पुढं "आईचा भंगारात, नवीन दोन घेऊ" असं लिहिलंयस. भंगारात काहीएक जाणार नाही. परवा तो बंद पडला होता, मी उलटा करून खालचं लाल बटण दाबलं, झाला चालू. ते बटण मोटार तापली की आपोआप बाहेर येतं. किती घरांत एवढ्यासाठी मिक्सर रिक्षात घालून नेतात. मोटार खरंच जळली तर नाकाला कळतं. वार्निश जळल्याचा गोडसर, घशात बसणारा वास येतो आणि तो एकदा ओळखला की आयुष्यभर चुकत नाही. आण्णा मला शाळेतून आल्यावर मोटारी हुंगायला लावायचे. तो वास नसेल तर बाकी सगळं दुरुस्तीतलं. कार्बन ब्रश झिजले असतील तर आत निळ्या ठिणग्या जास्त उडतात. भांडं फिरायचं थांबलं आणि मोटार नुसतीच पळतेय तर रबरी कपलरचे दात गेले. कपलर काढताना जोर लावायच्या आधी दोन्हीकडं हलवून बघ, बऱ्याच मिक्सरला तिथं उलटे आटे असतात. आणि सूनबाईला सांग, सुकं खोबरं आणि हळकुंडं त्यात घालायची नाहीत. हळद-चटणी डंकावरूनच कुटून आणायची. पुण्यात डंक सापडला नाही तर इथून येईल.

यादीतली शेवटची ओळ, "आई-बाबांसाठी फ्रंट लोड मशिन, सांगलीला परस्पर." बाळा, मन भरून आलं, पण ते रद्द कर. फ्रंट लोडच्या पोटात हादरे बसू नयेत म्हणून काँक्रीटचा ठोकळा असतो, सगळं मिळून ६०-७० किलो भरतं. आपलं सेमी-ऑटोमॅटिक मी आणि शेजारचा पोरगा दोघांत जिन्यानं वर चढवतो. आपल्या घरात वस्तू घ्यायची ती वर चढते का, हे बघून. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पुराची इशारा पातळी ४० फुटांची, धोका ४५ ची. तो सरकारचा हिशेब. माझा ३५ चा आहे. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली आणि पाणी ३५ वर गेलं की मी खालच्या मजल्याची लाइन तोडते आणि सामान हलवायला लागते.

२००५ च्या पुरानंतर आपण खालचे बोर्ड छातीएवढे वर घेतले होते, तुला आठवत असेल. २०१९ ला आयर्विनला ५७ फूट झाले आणि ते बोर्डही बुडाले. नंतर काय केलं ते तू नोकरीच्या गडबडीत नीट बघितलं नाहीस. आता खालच्या वायरी छतातून खाली उतरतात, जमिनीतून वर चढत नाहीत. पाइपात पाणी गेलंच तर निथळून जातं, साठून राहत नाही. खालच्या मजल्याचा खटका वेगळा केला आणि तो जिन्याच्या माथ्यावर बसवला, म्हणजे पाण्यात उभं राहून बंद करायला नको. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा चिखल तेवढाच काढावा लागला, पण वायरिंगचा खर्च झाला नाही.

पाणी ओसरल्यावर गल्लीत काय चालतं ते मी दर वेळी बघते. घरात पाऊल टाकलं की लोक आधी बटण दाबून बघतात, वस्तू वाचली का. तिथंच ती मरते. फ्रिजचा कॉम्प्रेसर सीलबंद असतो, आठवडाभर पाण्यात राहूनही तो बऱ्याचदा वाचतो. बाहेरचा रिले आणि जोडण्या गाळानं भरलेल्या असतात, त्या बदलायच्या. पाण्याच्या मोटारीतला गाळ आधी स्वच्छ पाण्यानं धुवायचा. ओल्या वस्तूवर आणखी पाणी मारायचं म्हटलं की लोक मला वेड्यात काढतात, पण आत वाळलेला गाळ पुढं ओल धरून ठेवतो. मग ऊन, किंवा खोक्यात बल्ब लावून चांगले दोन-चार दिवस शेक. मेगरनं, म्हणजे वायरीवरचं आवरण करंट गळू देतंय का ते मोजणाऱ्या मीटरनं, मोजून एक मेगओहमच्या वर आलं की मगच लाइन. २०१९ ला आपल्या गल्लीतल्या किती मोटारी आपल्या गच्चीवर वाळत पडल्या होत्या! वरून कावळे.

ड्रिल घेतलंयस ते चांगलं केलंस. बोर्डाच्या बरोबर वर किंवा खाली भोक पाडायचं नाही, वायरीचा पाइप तिथूनच सरळ जातो. भोक पाडताना खाली पडणारी पूड बघ. लाल पडली तर वीट. करडी पडली आणि बिट पुढं जाईना तर काँक्रीट. पांढुरकी, हलकी, रव्यासारखी भसाभस पडली तर सिपोरेक्सचा, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचा ठोकळा, आणि तुमच्याकडं आतल्या भिंती बहुधा त्याच निघतील. फोटोफ्रेमला चालेल. पाण्यानं भरलेला २५ लिटरचा गिझर साध्या गट्टूवर तिथं टांगायचा नाही. कॉलम किंवा बीम सापडतोय का बघ, नाहीतर सिपोरेक्ससाठी लांब अँकर मिळतात ते माग.

आपलं आपण उघडून बघावं या मताची मी आहे, ते तुला माहीतच आहे. नळाचा वायसर, फ्लशचा बॉल-कॉक, फ्रिजच्या दाराचं रबर, सगळं तू कर, यूट्यूब बघून कर. गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी बदल, तारीख नळीवरच असते. मायक्रोवेव्ह मात्र उघडायचा नाही. प्लग काढून ठेवलेला असला तरी आतला कपॅसिटर हजारो व्होल्ट धरून बसलेला असू शकतो. आण्णांनी उभ्या आयुष्यात हजारभर मोटारी उघडल्या असतील, पण मायक्रोवेव्ह आला की ते हात जोडून परत पाठवायचे.

मी जूनच्या पहिल्या आठवड्यात येते, शाळा सुरू व्हायच्या आत, म्हणजे एसटीला गर्दी नको. मेगर घेऊन येणार आहे. वाटेत कुणी पिशवीत काय आहे विचारलं तर बाबा "औषधं" म्हणून सांगणार आहेत. तोवर बिल्डरकडून वायरी कुठून गेल्यात त्याचा नकाशा माग. "देतो देतो" म्हणेल, सोडू नकोस. ताबा घेताना मिळतो, नंतर कुणी फोन उचलत नाही.

सूनबाईस आशीर्वाद. दोघं वेळेवर जेवा.

तुझी
आई

ता. क. डीबीचा फोटो पाठव म्हटलं होतं तर नुसत्या पांढऱ्या दाराचा आला. दार उघडून काढ आणि एमसीबींवरचे आकडे वाचता येतील एवढ्या जवळून.